गार्डसाहेबांचा परसातला फलाट

परसात मांडव घालून द्या म्हणून सुताराकडे येणाऱ्या माणसाला नुसता मांडवच हवा असतो, असं कुणी समजू नये. खिडकी मोडली म्हणून येतो त्याला खिडकी हवी असते. पाळणा सांगायला येतो त्याच्या घरी पोर व्हायचं असतं. तिथं शंकेला जागा नाही. पण मांडव, ओटा, झोपाळा असली कामं सांगणाऱ्याच्या मनात सावलीपलीकडचं काहीतरी असतं आणि ते तो पहिल्या दिवशी कधी सांगत नाही. एका वकिलांनी माझ्याकडून जुईचा मांडव करून घेतला, तो खरं म्हणजे वडिलांना विडी ओढायला घराबाहेर काढावं म्हणून. वडील दोन दिवस मांडवात बसले आणि तिसऱ्या दिवशी विडी पेटवून परत माजघरात आले. वकीलसाहेब मलाच म्हणाले, मिस्त्री, तुमच्या मांडवात काहीतरी कमी आहे.

सोलापुरात शुक्रवार पेठेत माझं दुकान आहे. माझा उभा जन्म तिथं रंधा मारण्यात गेला. आता हात कापतो, म्हणून मुलगा दुकान बघतो आणि मी बाकड्यावर बसून गिऱ्हाइकांना नको ते सल्ले देतो. त्यातला एक इथं फुकट देतो. सुतार ठरवताना त्याला त्याचं नवं काम दाखवायला सांगू नका. नवं काम सगळ्यांचंच झकास दिसतं. चार पावसाळे खाल्लेलं काम दाखव म्हणा. जो लगेच चप्पल पायात सरकवतो तो बरा, आणि जो चहा मागवतो त्याच्यापासून सांभाळा.

हा सल्ला मला ज्यांनी शिकवला ते सदाशिवराव, म्हणजे आमचे गार्डसाहेब. ही गोष्ट एकोणीसशे तीस सालाच्या आगेमागेची. सगळी नोकरी गाडीच्या शेवटच्या डब्यात काढून, कुर्डुवाडीहून रिटायर होऊन ते सोलापुरात आले होते. गावाबाहेर रुळांच्या अंगाला त्यांनी छोटंसं घर बांधलं होतं. एका सकाळी ते दुकानात आले, बाकड्यावर बसले आणि माझी परीक्षा घ्यायला लागले. दारू पिता का, कामावर वेळेवर येता का, अर्धं काम टाकून लग्नाच्या पाटांमागं पळता का, असं सगळं विचारून झाल्यावर म्हणाले, जुनं काम दाखवा. मी त्यांना पेठेतल्या तीन घरांत फिरवलं. प्रत्येक ठिकाणी त्यांनी खांबाला खांदा लावून जोर करून पाहिला. एका घरची म्हातारी घाबरून बाहेर आली. अखेर समाधान झालं तेव्हा त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं आणि उद्या सकाळी आठाला घरी या म्हणाले. मी गेलो तेव्हा थोडा उशीर झाला होता. ते दारातच उभे होते. त्यांनी घड्याळ माझ्यापुढे धरलं.

परस चांगलं ऐसपैस होतं, पण सावलीला एक झुडूपही नव्हतं. पश्चिमेला कमरेएवढी भिंत, तिच्यापलीकडे थोडं माळरान आणि मग रूळ. गार्डसाहेबांनी खडूने जमिनीवर नकाशा काढला. इथं लाकडी फळ्यांचा ओटा, वर उघड्या वाशांचा मांडव, खांबाला मधुमालती. कुर्डुवाडीला एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यामागे त्यांनी असा ओटा पाहिला होता. साहेब आणि मडम संध्याकाळी त्यावर खुर्च्या टाकून बसायचे आणि चहा प्यायचे. गार्डसाहेब कधी कागद घेऊन गेले की पायरीखाली उभं राहून ते बघायचे.

मी म्हटलं, साहेब, सोलापूरच्या उन्हाला लाकडाचा ओटा कशाला? शहाबादी फरशी टाका, जन्मभर बघायला नको. ते ऐकेनात. त्यांनी लिलावात जुने सलपाट घेऊन ठेवले होते. रुळांखाली आडवे टाकतात त्या लाकडी ठोकळ्यांना आमच्याकडे सलपाट म्हणतात. सागाचे होते, तेल पिऊन काळे पडलेले, आणि वजन असं की एक उचलायला दोन गडी लागावेत. माल बघून माझाही जीव थोडा लालचावला, हे खरं आहे.

मग मी माझे नेहमीचे प्रश्न काढले. मांडव घालणाऱ्याने ते विचारलेच पाहिजेत. चार वाजता ऊन कुठून येतं? न्हाणीचं पाणी कुठून वाहतं? आणि मुख्य म्हणजे तिथं बसणार कोण? पहिल्या दोन प्रश्नांना त्यांनी हात झटकले. तिसऱ्याला जरा थांबले आणि म्हणाले, "आमची मंडळी."

तेव्हा कुठं खरी गोष्ट बाहेर आली. त्यांची बायको सोनाबाई लग्न झाल्यापासून सासरच्या गावी, करकंबलाच होती. सासू-सासऱ्यांचं, दिराच्या पोरांचं, शेताचं तिनं केलं. गार्डसाहेब महिन्या-दोन महिन्यांनी रजेवर घरी जायचे आणि परत गाडीवर चढायचे. संसाराला किती वर्षं झाली असं विचारलं असतं तर त्यांनी रजेचे दिवस मोजून सांगितलं असतं. आता नोकरी संपली, सासू-सासरे गेले, लेक सासरी गेली. आता तरी दोघांनी एका घरात राहावं अशी त्यांची फार इच्छा होती. सोनाबाईंनी निरोप पाठवला होता, की पाडव्यानंतर येते, महिनाभर राहून बघते. जीव रमला तर ठीक, नाहीतर करकंब काही कुणी उचलून नेलेलं नाही.

"तिला हितं करमलं पायजे, मिस्त्री," गार्डसाहेब म्हणाले. "बाकी मला काय बी नको."

मी म्हटलं, मग त्यांनाच विचारा की ओटा कसा हवा. ते म्हणाले, छे, मग त्यात मजा काय राहिली? तिनं आल्यावर बघून थक्क झालं पाहिजे. अशा नवऱ्यांचा मला भरपूर अनुभव होता. मी मोजमापाला लागलो.

मोजमापात पहिलं भांडण झालं. मी म्हणत होतो, ओटा गुडघ्याएवढा ठेवा आणि स्वयंपाकघराच्या दारापाशी, पूर्वेच्या अंगाला घ्या, म्हणजे दुपारपर्यंत घराचीच सावली पडेल. ते म्हणत होते, पश्चिमेलाच, भिंतीशी, आणि खुर्चीवर बसलं की रूळ नजरेच्या खाली दिसला पाहिजे. हाताने उंची दाखवली ती माझ्या छातीशी आली. मी विचारलं, एवढं उंच कशाला? ते म्हणाले, फलाट तेवढाच असतो की. मग स्वतःच ओशाळून हसले, पण उंची काही कमी केली नाही.

कामाला मी आणि इमामभाई करवत्या असे दोघं होतो. इमामभाई सलपाटावर नुसती टिचकी मारून आत मोडलेला खिळा कुठं आहे ते सांगायचे. तरी दोन करवतींचे दात गेलेच. लाकडात लोखंड लपलेलं असलं की करवत किंचाळते आणि मालक आपल्याकडे बघतो. खांब पुरताना झाडाचा बुंधा ज्या टोकाला होता ते टोक खाली आणि शेंड्याचं टोक वर ठेवायचं, हा आमचा पिढीजात दंडक. उलटा खांब घराला लाभत नाही म्हणतात. सलपाटाचा बुंधा ओळखणं म्हणजे शेषाचं शेपूट शोधणं, पण इमामभाईंनी रेषा बघून बघून प्रत्येक खांब सुलटा लावला. मातीत जाणारं टोक डांबरात बुडवलं, कारण आमच्याकडची वाळवी सागालाही सोडत नाही. फळ्या ठोकताना दोन फळ्यांत बोटभर फट ठेवली. उघड्यावरचा ओटा आहे, पावसाचं पाणी खाली निथळलं पाहिजे, नाहीतर लाकूड कुजतं. गार्डसाहेबांना त्या फटी पसंत नव्हत्या. आतून खालचं दिसतं म्हणाले. मी म्हटलं, खाली बघायला आहे काय?

कामावर त्यांची शिस्त रेल्वेची होती. चहाची वेळ झाली की शिट्टी, काम सुरू करायची वेळ झाली की शिट्टी. पहिल्या दिवशी इमामभाई दचकून शिडीवरून खाली आले. सगळं बांधून झाल्यावर ते लांब जाऊन उभे राहिले, कमरेवर हात ठेवले आणि मला हळूच म्हणाले, "मिस्त्री, ये ओटा नै. टेसन है. अब टिकट घर कब बनाते पूछो."

काम मात्र देखणं झालं होतं. सगळे सांधे खाच पाडून त्यात कुसू, म्हणजे दुसऱ्या लाकडाची कोरलेली जीभ, बसवलेले, खिळा फक्त फळ्यांपुरता. वर सरळ वाशांची जाळी. मधुमालतीचं रोप खांबाशी लावलं होतं, वीतभर उंच. जाळी भरायला दोन पावसाळे तरी जावे लागतील असं मी सांगून ठेवलं होतं. गार्डसाहेबांनी साहेबासारख्या दोन वेताच्या खुर्च्या आणल्या, वर मांडल्या, आणि पाडव्याची वाट बघत बसले.

पाडव्यानंतर एकदा त्यांनी मला बोलावलं. एक फळी चालताना वाजत होती. मी ऐन दुपार टळल्यावर गेलो. वर गार्डसाहेब एका खुर्चीवर टोपी डोळ्यांवर ओढून बसले होते, घामाने निथळत. दुसरी खुर्ची रिकामी होती. उन्हाने सलपाटातलं जुनं तेल वर आलं होतं आणि त्याचा वास सगळ्या परसात भरला होता. फळी खालून ठोकायची म्हणून मी वाकून ओट्याखाली शिरलो, तर तिथं सोनाबाई बसलेल्या. खाली पोतं अंथरलेलं, शेजारी पाण्याचा तांब्या, पुढ्यात सूप, आणि निवांत ज्वारी निवडणं चाललेलं. खरं सांगायचं तर सगळ्या परसात तीच एक थंडगार जागा होती.

मी बिचकलो. त्या मात्र जराशा सरकल्या आणि मला बसायला जागा केली. गोऱ्यापान, ठसठशीत कुंकू, बोलणं खणखणीत. मी म्हटलं, वहिनी, वर का नाही बसत? त्या म्हणाल्या, "वर बसलं की गाडीतली मानसं बघत्यात, दादा. परवा एका पोरानं हात हलवला. मी काय कुनाला निरोप द्यायला बसलीया व्हय?"

मला हसू आवरेना. त्याही हसल्या. पायऱ्या चढताना लुगडं कसं आवरावं लागतं, वर बसलं तर चुलीवरचं दूध कसं उतू जातं, हे सगळं त्यांनी मजेत सांगितलं. शेजारी विणकरांची घरं आहेत, त्यातल्या बाया बाजूच्या भिंतीवरून बघतात, पण उंचावर बसलेल्या बाईशी कोण बोलायला येणार? देवळातल्या मूर्तीसारखं वाटतं म्हणाल्या. मी हातोडी तशीच हातात धरून ऐकत होतो. मग त्यांचं सूप थांबलं.

"नोकरी व्हती तवा म्हैन्या-दोन म्हैन्यानं यायचे," त्या म्हणाल्या. "दोन दिस ऱ्हायचे, पर माज्याकडं तोंड करून बसायचे. आता रोज घरात हायेत, आन् बसत्यात गाडीकडं तोंड करून. येनाऱ्या गाडीला बावटा दावत्यात. नोकरी सुटली न्हवं ह्यांची? मग मी हितं कुनासाठी ऱ्हाऊ? परवाच्या गाडीनं जाते म्हनून सांगितलंय."

हे त्या रागाने बोलल्या नाहीत. राग असता तर मला इतकं वाईट वाटलं नसतं. मी वर बघितलं, आणि वरच्या फटीतून मला गार्डसाहेबांच्या चपलांचे तळवे दिसले. आमच्या बरोबर डोक्यावर त्यांची खुर्ची होती. खालचं दिसतं म्हणून त्या फटींवर त्यांनी हरकत घेतली होती. खालचं ऐकूही येतं हे ना त्यांच्या ध्यानात आलं होतं, ना माझ्या.

एवढ्यात मेल आली. जमीन हादरली, सुपातली ज्वारी थरथरली. शेवटच्या डब्यातल्या गार्डाला हे आपले साहेब इथं बसतात हे ठाऊक होतं. त्याने लांब शिट्टी दिली. वरून काही उत्तर गेलं नाही. फटीतून मला हिरव्या बावट्याचं टोक तेवढं दिसत होतं, मांडीवर तसंच पडलेलं. त्या गार्डाने पुन्हा शिट्टी दिली, मग गाडी लांब गेली.

पायऱ्या वाजल्या. गार्डसाहेब खाली आले आणि ओट्याखाली वाकून शिरले. धिप्पाड माणूस, टोपी तुळईला अडकून पडली, ती त्यांनी उचललीसुद्धा नाही. पोत्याच्या कडेला बायकोसमोर मांडी घालून बसले. मी निघायला लागलो, पण बाहेर पडायच्या वाटेत नेमके तेच बसले होते. म्हणून मी नाइलाजाने फळी तपासत राहिलो. वाजत होती ती फळी मी आधीच शोधून काढली होती.

त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाले, "तुला कसा पायजे वटा?"

"आत्ता इचारताय व्हय?" सोनाबाई म्हणाल्या.

"आत्ताच इचारतोय. सांग."

त्यांनी सुपातून हात काढला, शेजारची काटकी उचलली आणि मातीवर रेघा ओढायला लागल्या. गार्डसाहेबांच्या खडूच्या नकाशापेक्षा तो नकाशा सरळ होता. हे स्वैपाकघराचं दार. ह्याला लागून वटा, पाय खाली सोडले की भुईला टेकतील एवढाच. चूल दिसली पायजे. शेजारच्या भिंतीला हितं एक दार पाडा, म्हणजे शेजारच्या बाया येतील. मांडवावर दोडका चढवा, घेवडा चढवा, पहिल्या पावसात पसरतोय. ती तुमची मधुमालती मागनं येऊ द्या. गार्डसाहेब मान हलवत होते. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आन् मी कुटं बसू?"

"माज्या म्होरं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही फलाट मोडायला घेतला. आपणच केलेलं पक्कं काम आपणच मोडायचं म्हणजे काय, हे सुतारालाच कळेल. कुसू इतके घट्ट बसले होते की इमामभाई दर सांध्याला माझ्या नावाने शिव्या घालत होते, आणि त्या शिव्या ऐकून मला बरं वाटत होतं. खांब कापून आखूड केले, बुंधा परत खालीच ठेवला. गार्डसाहेब फळ्या वाहत होते, मध्ये मध्ये येत होते, आणि दर थोड्या वेळाने आत जाऊन विचारून येत होते, की एवढी उंची ठीक ना, तुळई इकडे ना. शिट्टी कुठं गेली कोण जाणे. चहा आता सोनाबाईंच्या मर्जीने यायला लागला, आणि तो जास्त वेळा आला. परवाची गाडी आली तशी गेली. जाण्याबद्दल कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, बघू, वटा तर होऊ द्या. गार्डसाहेब तेवढ्यापुरते हसायचे, पण मला एकट्याला गाठून दोनदा म्हणाले, मिस्त्री, जरा सावकाश करा.

मी सावकाशच केलं. एरवी गिऱ्हाइकाने असं सांगितल्याचं मला आठवत नाही.

ओटा झाला आणि भिंतीला दार पडलं. आधी शेजारची नरसम्मा आली. तिचं मराठी तोडकं आणि सोनाबाईंना तेलुगू एक अक्षर येत नव्हतं. पण ती सूत आणि रहाट घेऊन आली, कांड्या भरत बसली, आणि चार दिवसांत सोनाबाई दारातून हाक मारायला शिकल्या, "रा अक्का, कूर्चो," म्हणजे ये अक्का, बस. मग दुसरी आली, तिसरी आली. पाऊस पडून दोडक्याने जाळी धरली तेव्हा ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. रहाट फिरतायत, कुणी शेवया वळतंय, कुणाचं तान्हं मध्ये झोपलंय. गार्डसाहेब बिचारे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचे, चुलीवरच्या दुधावर लक्ष ठेवायला. गाडी गेली की मान जरा त्या बाजूला वळायची, पण उठायचे नाहीत. वेताच्या खुर्च्यांवर सांडगे वाळत असायचे.

आता लोक परसात सिमेंट ओततात. पाणी मारलं की झालं, सुताराचं काम नाही. त्याची तक्रार करत नाही, फरशी टाका म्हणून मीच सांगत होतो. पण सिमेंटचं एकदा चुकलं की चुकलं. लाकडाचं तसं नसतं, मोडून पुन्हा मांडता येतं. इमामभाई जाऊन बरीच वर्षं झाली, आणि टिचकी मारून खिळा सांगणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

त्या वर्षी पाऊस सरता सरता सोनाबाईंचा निरोप आला, की दादा, एक काम आहे, येऊन जा. महिनाभर राहून बघायला आलेल्या बाईला चांगले पाच-सहा महिने झाले होते, पण राहते असं त्या कुणाला बोलल्या नव्हत्या आणि गार्डसाहेबांनी धास्तीने विचारलंही नव्हतं. मी गेलो. त्या मला परसाच्या कोपऱ्यात घेऊन गेल्या, जिथं पहिल्या ओट्याचे खड्डे अजून ओले दिसत होते. उरलेल्या सलपाटाचा एक तुकडा दाखवून म्हणाल्या, "हितं एक चांगला दणकट खुंटा ठोकून द्या. आमची म्हस आननार हाय करकंबनं. दीर घेऊन येत्यात सोमवारी."

गार्डसाहेब माझ्या मागेच उभे होते. महिनाभर पाहुणी राहायला येणारी बाई म्हैस आणत नाही, एवढं गार्डालाही कळतं. मी सलपाटाला टोक काढलं, खुंटा जमिनीत उभा धरला आणि घण उचलला, तर त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. म्हणाले, हा मी ठोकतो. रिटायर झालेला माणूस, डोळे भरून आलेले, नीट दिसतही नव्हतं, पण घणामागून घण घालत राहिले. मी पुरे म्हटलं, सोनाबाई पुरे म्हणाल्या, ते थांबेनात. शेवटी थांबले तेव्हा खुंटा पार जमिनीत गेला होता आणि दावं बांधायला वर काहीच उरलं नव्हतं. मी दुसरा करायला बसलो.